सलाईनच्या बाटलीपासून पाण्याच्या पेल्यापर्यंत : डॉ. दिलीप महालनबीस आणि जलसंजीवनीचा इतिहास

१/ ओआरएसची पुडी ही बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा आलेली वस्तू. महाराष्ट्रातील आरोग्यकेंद्रांवर तिला 'जलसंजीवनी' म्हणतात. आत ग्लुकोज, मीठ आणि एकदोन क्षार. याखेरीज काही नाही. ही पुडी रुग्णालयाच्या भिंतींबाहेर पडून सामान्य माणसाच्या हाती आली, त्यामागे एक युद्ध आहे, एक साथ आहे आणि एका छत्तीस वर्षांच्या डॉक्टरने घेतलेला निर्णय आहे. त्या डॉक्टरांचे नाव दिलीप महालनबीस. आजचा धागा त्यांच्या कार्याविषयी आणि संशोधनाविषयी. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम त्या रोगाविषयी. कॉलऱ्याला मराठीत पटकी म्हणतात; जुन्या कागदांत 'मोडशी' हा शब्दही आढळतो. गोव्यात आलेल्या पोर्तुगिजांनी हाच शब्द उचलून त्याचे 'मोर्देशीं' केले. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, त्यात या रोगाचे वर्णन आहे. आपल्या गावोगावच्या वेशीवरील मरीआईची ठाणी हीदेखील याच भयाची स्मारके होत. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावतो, हे या रोगाचे रूप शतकानुशतके लोकांना ठाऊक होते. तो का दगावतो, हे मात्र ठाऊक नव्हते.

३/ कॉलऱ्याची पहिली जागतिक साथ १८१७ साली बंगालमधील जेसोर येथून पसरली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात तळ देऊन बसलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेत तिने हाहाकार उडवला. पेंढाऱ्यांवरील मोहिमेसाठी निघालेली ती फौज. इकडे पुण्याजवळ खडकीची लढाई झाली तीही याच महिन्यात. पुढील वर्षी साथ दख्खन ओलांडून मुंबईपर्यंत आली. जेसोर हे नाव लक्षात ठेवावे. या धाग्यात आपण पुन्हा त्याच परिसरात येणार आहोत, दीडशे वर्षांनंतर.

४/ साथ युरोपात पोहोचली तेव्हा १८३१ साली विल्यम ओशॉनेसी या अवघ्या बावीस वर्षांच्या डॉक्टरने इंग्लंडमध्ये रुग्णांचे रक्त तपासले. त्यातील पाणी आणि क्षार घटले आहेत, हे त्याने दाखवले आणि ते परत शरीरात घालावेत असे सुचवले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लॅटा याने रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. मरणासन्न रुग्ण काही काळ तरी उठून बोलू लागले. सलाईनचा जन्म तो हाच. ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला, तेथील मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला आणि हिंदुस्थानातील तारायंत्राचा जनक म्हणून अधिक प्रसिद्ध झाला.

५/ लॅटाचा उपाय मात्र मागे पडला. जंतुविरहित पाणी आणि स्वच्छ सुया यांची कल्पनाच त्या काळी नव्हती. रक्तात नेमके किती पाणी सोडावे, किती वेळ सोडावे, हेही कळत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात शिरेवाटे सलाईन देण्याची पद्धत पुन्हा प्रस्थापित केली आणि मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले. पुढील अर्धशतकात ती अधिक अचूक झाली. १९६० च्या सुमारास स्थिती अशी होती की, चांगल्या रुग्णालयात वेळेवर पोहोचलेला कॉलऱ्याचा रुग्ण सहसा मरत नसे. अडचण 'चांगल्या रुग्णालयात' आणि 'वेळेवर' या दोन शब्दांत होती.

६/ हा रोग माणसाला मारतो कसा? कॉलऱ्याचे जंतू आतड्याच्या अस्तराला चिकटतात आणि एक विष सोडतात. त्या विषाने अस्तरातील पेशींचा तोल बिघडतो आणि शरीरातील पाणी व क्षार आतड्यात ओतले जाऊ लागतात. तीव्र रोगात प्रौढ माणूस तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. रक्त आटते, नाडी लागेनाशी होते, मूत्रपिंडे थांबतात. जंतू रक्तात शिरत नाहीत, आतड्याला भोकेही पाडत नाहीत. माणूस मरतो तो केवळ पाणी गेल्यामुळे. गेलेले पाणी तितक्याच वेगाने परत देता आले, तर काही दिवसांत रोग आपोआप ओसरतो.

७/ या विषाचा प्रत्यक्ष पुरावा कलकत्त्याच्याच शंभुनाथ दे यांनी दिला. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडण्याची साधी पद्धत त्यांनी विकसित केली. १९५९ साली त्यांनी दाखवले की जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात तसेच पाणी भरते. म्हणजे काम विषाचे आहे. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात १८८४ मध्ये जंतूची ओळख पटवली होती. विष सिद्ध व्हायला आणखी पाऊणशे वर्षे गेली. दे यांना हयातीत मायदेशी कोणताही मोठा सन्मान लाभला नाही. हे वाक्य धाग्याच्या शेवटी पुन्हा आठवेल.

८/ आता मुख्य प्रश्न. पाणीच हवे असेल तर ते तोंडाने का देऊ नये? डॉक्टरांचे उत्तर ठरलेले होते : कॉलऱ्यात आतडे पाणी शोषत नाही, पाजलेले सारे बाहेर पडते. याला पहिला छेद दिला कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी. उलटी थांबवणारे औषध आणि मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन त्यांनी १८६ रुग्णांवर उपचार केले आणि १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध केले. परंतु रुग्ण फार गंभीर नव्हते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि हे पाणी आतड्यात का शोषले जावे याचे स्पष्टीकरणही नव्हते. निबंध छापला गेला आणि विस्मरणात गेला.

९/ ते स्पष्टीकरण १९६० साली मिळाले. रॉबर्ट क्रेन या जैवरसायनशास्त्रज्ञाने प्राग येथील परिषदेत एक कल्पना मांडली : आतड्याच्या पेशींत ग्लुकोज एकटे शिरत नाही, सोडियमला सोबत घेऊन शिरते. आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जाते. पुढे ढाका आणि कलकत्ता येथील संशोधकांनी दाखवले की कॉलऱ्यातही आतड्याची ही वाट शाबूत राहते. पाणी बाहेर टाकणारे दार विषामुळे सताड उघडते, हे खरे. पण ग्लुकोज आणि मीठ यांना मिळून आत घेणारे दार बंद होत नाही. नुसते पाणी पाजून भागत नाही, नुसते मीठ घालूनही नाही. दोघांची सांगड हवी.

१०/ मार्ग तरीही सरळ नव्हता. अमेरिकी नौदलातील डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांनी १९६२ साली मनिला येथे ग्लुकोजयुक्त द्रावण तोंडाने देऊन पाहिले. द्रावणात क्षारांचे प्रमाण जास्त झाले आणि काही रुग्ण दगावले. त्या अनुभवाने फिलिप्स हादरले. पुढे ते ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, तेव्हा या उपचाराबाबत त्यांची भूमिका अत्यंत सावध होती. एखादी योग्य कल्पना चुकीच्या प्रमाणामुळे वर्षानुवर्षे मागे कशी पडते, याचे हे उदाहरण आहे. आणि त्यांची भीती निराधारही नव्हती.

११/ ही कोंडी १९६८ साली फुटली. डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे पंचविशी नुकतीच ओलांडलेले दोन अमेरिकी डॉक्टर पूर्व पाकिस्तानात काम करीत होते. रुग्णाच्या शरीरातून जितके पाणी जाईल ते मोजायचे आणि तितकेच द्रावण पाजायचे, हे सूत्र त्यांनी काटेकोरपणे पाळले. शिरेवाटे लागणारी सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. कलकत्त्यात नॅथॅनिएल पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. सिद्धान्त पक्का झाला, प्रमाण पक्के झाले. पण हे सारे रुग्णालयात, प्रशिक्षित परिचारिकांच्या देखरेखीखाली.

१२/ कलकत्त्यातील या संशोधनवर्तुळात दिलीप महालनबीस होते. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९३४ रोजी किशोरगंज येथे झाला. हे ठिकाण आज बांगलादेशात आहे. १९५८ साली ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि बालरोगशास्त्राकडे वळले. पुढील शिक्षणासाठी ते ब्रिटनला गेले. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ बालरुग्णालयात रजिस्ट्रार म्हणून निवड झालेले ते पहिले भारतीय. तेथे स्थिरावता आले असते. परंतु १९६० च्या दशकात ते कलकत्त्यास परतले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या तेथील संशोधन केंद्रात रुजू झाले.

१३/ त्यांचे तेथील काम वरकरणी नीरस वाटेल असे होते. कॉलऱ्याच्या रुग्णाची खाट वेगळी असते : मध्यभागी भोक, त्याखाली बादली. बादलीवरील खुणांवरून शरीरातून किती पाणी गेले हे दर काही तासांनी मोजायचे. किती दिले, किती गेले, त्यात सोडियम किती, पोटॅशियम किती, असा अहोरात्र हिशेब ठेवायचा. महालनबीस यांनी हा ताळेबंद विशेषतः तान्ह्या मुलांचा मांडला. लहान मूल म्हणजे आकाराने छोटा प्रौढ नव्हे. त्याचे पाणी वेगळ्या प्रमाणात जाते आणि चुकीला जागा फार थोडी असते. पुढे बनगावात जो निर्णय झाला, त्याच्यामागे या बादल्यांच्या नोंदी होत्या.

१४/ १९७१ च्या आरंभी वैद्यकशास्त्राची भूमिका साधारणपणे अशी होती : मीठ-ग्लुकोजचे द्रावण उपयोगी आहे, पण ते तज्ज्ञांच्या हाती. प्रमाण चुकले, मीठ जास्त झाले, तर मूल दगावेल. अडाणी माणसाच्या हाती हे सोपवता येणार नाही. म्हणून आधी सलाईन, नंतर पूरक म्हणून द्रावण, आणि तेही रुग्णालयात. ही भूमिका निष्ठुरपणाची नव्हती. मनिलाचे मृत्यू ताजे होते. पण तिचा अर्थ असा होता की जेथे रुग्णालय नाही तेथे उपचारही नाही. आणि कॉलरा बहुधा तेथेच होतो.

१५/ २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने हत्याकांड सुरू केले. त्यानंतरच्या महिन्यांत जवळपास एक कोटी माणसे भारतात आली. पश्चिम बंगालवर सर्वाधिक भार पडला. शाळा, रस्त्यांच्या कडा, गोदामे, अगदी सांडपाण्याच्या मोठ्या नळांतही कुटुंबे राहू लागली. पावसाळा सुरू झाला. पिण्याचे पाणी आणि शौचाची जागा यांतले अंतर नाहीसे झाले आणि कॉलरा पसरला. जेसोरहून येणारा रस्ता सीमा ओलांडतो, तेथेच जवळ बनगाव आहे. फाळणीपूर्वी बनगाव जेसोर जिल्ह्यातच होते.

१६/ जूनमध्ये महालनबीस बनगावला पोहोचले. या भागात सुमारे साडेतीन लाख निर्वासित होते. तेथील छोट्या रुग्णालयाच्या दोन खोल्यांत कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडले होते. सुई लावण्यासाठी डॉक्टरला त्यांच्या विष्ठेत आणि उलटीतच गुडघे टेकावे लागत, अशी आठवण त्यांनी अनेक वर्षांनंतर एका मुलाखतीत सांगितली आहे. पथकातील केवळ दोघांना शिरेवाटे सलाईन देण्याचे प्रशिक्षण होते. बाटल्या संपत आल्या होत्या. ही लढाई आपण हरत आहोत, हे त्यांना अठ्ठेचाळीस तासांत कळून चुकले.

१७/ पर्याय दोनच होते. सलाईनच्या बाटल्यांची वाट पाहायची. तोवर जे मरतील ते मरतील. किंवा तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय देऊ नये असे ज्याविषयी सर्वांचे मत होते, तेच द्रावण सर्रास वाटायचे, आणि ते पाजण्याचे काम रुग्णाच्या आप्तांवर सोपवायचे. महालनबीस यांनी दुसरा पर्याय निवडला. हे प्रमाण चालेल याची त्यांना शास्त्रीय खात्री होती. पण भेदरलेली, थकलेली, नुकतेच सर्वस्व गमावलेली माणसे ते नीट पाजतील, याचा पुरावा जगात कोणाकडेच नव्हता. यश आले नसते, तर जबाबदारी त्यांची एकट्याची ठरली असती.

१८/ कृती शक्य तितकी सोपी केली. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. तिन्ही पदार्थ स्वस्त आणि सहज मिळणारे. कलकत्त्याच्या संशोधन केंद्रात ते तोलून, मिसळून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले जात आणि तापलेल्या इस्त्रीने पिशव्यांची तोंडे चिकटवली जात. मग त्या बनगावला रवाना होत. लिटरभर द्रावणास लागणारा खर्च पैशांत मोजावा इतका अल्प होता. तिकडे मोठ्या पिंपांत पिण्याचे पाणी भरून त्यात ही पूड विरघळवली जाई. पिंपाच्या तळाशी तोटी असे आणि लोक पेले भरून नेत.

१९/ आया, बाप, भावंडे, शेजारी हेच परिचारक झाले. तहान असेतोवर पाजत राहायचे, एवढीच सूचना. तहान हेच मापक. शरीराला पाणी हवे असेल तर माणूस पितो, पुरले की थांबतो. यामुळे प्रत्येकाचे वेगळे मोजमाप करण्याची गरज उरली नाही. बेशुद्ध पडलेल्या, नाडी न लागणाऱ्या रुग्णांसाठी उरलेली सलाईन राखून ठेवली आणि त्यांनाही शुद्ध येताच पेला दिला. लोकांचा 'सलाईन' या शब्दावर विश्वास होता, म्हणून यालाही सलाईनच म्हटले : पिण्याची सलाईन. बांगलादेशात आजही 'खाबार सॅलाइन' हेच नाव रूढ आहे.

२०/ दोनतीन आठवड्यांत फरक दिसू लागला. जूनअखेर ते ऑगस्टअखेर सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूंचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. त्याआधी तशाच परिस्थितीत ते २० ते ३० टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे प्रत्येक शंभरांमागे वीसपंचवीस माणसे जी मेली असती ती जगली. मीठ-ग्लुकोज मिसळण्याची माहितीपत्रके सीमाभागात वाटली गेली आणि बांगलादेशच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही ही कृती प्रसारित झाली. मुक्तिसंग्रामाच्या बातम्यांबरोबर प्रक्षेपित झालेली ही माहिती युद्धेतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते.

२१/ येथे जरा थांबू. इतिहास वाचताना आकड्यासमोर हात जोडून चालत नाही. बनगावात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. काही रुग्णांना सलाईनही मिळाली होती. छावणीत उपचार जवळ आल्यामुळे रुग्ण लवकर पोहोचत असतील, हेही शक्य आहे. मग ३.६ या आकड्याने काय सिद्ध झाले? द्रावण काम करते, हे १९६८ सालीच सिद्ध झाले होते. बनगावने वेगळ्या प्रश्नाचे उत्तर दिले : अप्रशिक्षित माणसे, सर्वांत वाईट परिस्थितीत, ते सुरक्षितपणे देऊ शकतात का? आणि तुलनेसाठी निम्म्या रुग्णांना उपाय नाकारणे हे त्या खोल्यांत कोणत्या डॉक्टरला शक्य झाले असते?

२२/ तज्ज्ञांचा विश्वास लगेच बसला नाही. नेमका तुलनेचा गट नाही, हाच आक्षेप होता. महालनबीस आणि सहकाऱ्यांचा निबंध १९७३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या उपायाचे महत्त्व ओळखणाऱ्यांत जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ अग्रणी होते. त्यांनी छावणीला प्रत्यक्ष भेट दिली होती, आणि पुढे संघटनेच्या आत त्यांनी या उपचाराचा सातत्याने पाठपुरावा केला. १९७५ साली संघटना आणि युनिसेफ यांनी ओआरएसचे एक प्रमाणित सूत्र स्वीकारले. १९७८ साली अतिसार नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी 'लॅन्सेट'च्या अग्रलेखाने या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतीत केली.

२३/ महालनबीस यांच्या चरित्राची गोष्ट बहुधा बनगावला संपवली जाते. ते योग्य नाही, कारण त्यांचे आयुष्य त्यानंतर अर्धशतक चालले. १९७५ ते १९७९ या काळात त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अफगाणिस्तान, इजिप्त आणि येमेन येथे कॉलरा नियंत्रणाचे काम केले. ऐंशीच्या दशकात ते संघटनेचे सल्लागार होते. नव्वदच्या दशकात ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रात चिकित्साविषयक संशोधनाचे संचालक झाले. ज्या देशातील निर्वासितांवर त्यांनी उपचार केले होते, त्या देशात, म्हणजे एका अर्थी आपल्या जन्मभूमीत, ते संशोधक म्हणून परतले.

२४/ संशोधनही पुढे सरकत होते. पहिल्या सूत्राने जीव वाचत, पण जुलाब लवकर थांबत नसत, आणि आईला जुलाब थांबलेले हवे असत. त्यामुळे अनेक घरांत द्रावण मध्येच बंद होई. तांदळाच्या पिठाचे द्रावण, अतिसारात जस्ताचा उपयोग, मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी असलेले सौम्य सूत्र, अशा चाचण्या विविध देशांत झाल्या. महालनबीस यांचा त्यांत सहभाग होता. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सौम्य सूत्र स्वीकारले : लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ. आज दुकानात मिळणारी प्रमाणित पुडी याच सूत्राची आहे.

२५/ बनगावचा धडा सर्वांत मोठ्या प्रमाणावर गिरवला तो बांगलादेशाने. 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्यांनी १९८० ते १९९० या दशकात घरोघरी जाऊन एक कोटी वीस लाखांहून अधिक कुटुंबांतील आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मोजके पाणी यांची कृती शिकवली. कार्यकर्तीचे मानधन तिने किती घरे केली यावर ठरत नसे. काही दिवसांनी तपासनीस येई तेव्हा आईला कृती किती अचूक आठवते, यावर ठरे. प्रमाण चुकेल या तज्ज्ञांच्या भीतीला दिलेले हे उत्तर होते. अडाणी म्हणून ज्यांना वगळले होते, त्या शिकू शकत होत्या. त्यांना नीट शिकवायला हवे होते.

२६/ परिणाम? १९८० च्या सुमारास जगात पाच वर्षांखालील सुमारे ४६ लाख मुले दरवर्षी अतिसाराने मरत. आज हा आकडा पाच लाखांच्या आसपास आला आहे. याचे सारे श्रेय ओआरएसला देता येणार नाही; लसी, स्वच्छ पाणी, शौचालये, मातांचे शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे. तरी ओआरएसने वाचवलेल्या जिवांचे अंदाज पाच कोटींच्या वर जातात. आणि आजही जे पाच लाख मरतात, त्यांतील बहुतेकांना वाचवणारा उपाय काही रुपयांचा आहे. हे स्वस्थ बसू देणारे वाक्य नाही.

२७/ मग ओआरएसचा शोध कोणी लावला? हा प्रश्न नेहमी येतो. ओशॉनेसीने पाणी गेल्याचे ओळखले, दे यांनी विष दाखवले, चटर्जींनी प्रथम पाजून पाहिले, क्रेनने कारण सांगितले, नॅलिन-कॅश आणि पिअर्स यांनी प्रमाण बसवले. महालनबीस यांना 'ओआरएसचे जनक' म्हणणे म्हणूनच अर्धवट आहे, आणि त्यांच्या खऱ्या कार्यावर पांघरूण घालणारेही आहे. द्रावण त्यांच्याआधी होते. ते द्यायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी बदलले. वैद्यकाच्या इतिहासात नव्या पदार्थाच्या शोधाला पारितोषिके मिळतात. अधिकार वाटून टाकणाऱ्याची नोंद उशिरा होते.

२८/ त्यांचीही उशिराच झाली. १९९४ साली स्वीडनच्या रॉयल अकादमीने त्यांना परदेशी सदस्यत्व दिले. २००२ साली बालरोग संशोधनासाठीचे पोलिन पारितोषिक इतर संशोधकांसमवेत, २००६ साली नॅलिन आणि कॅश यांच्यासमवेत थायलंडचा प्रिन्स महिडोल पुरस्कार. आपल्या बचतीतील एक कोटी रुपये त्यांनी कोलकात्याच्या बालआरोग्य संस्थेला दिले. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी त्यांचे निधन झाले. भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण जाहीर केले ते जानेवारी २०२३ मध्ये, मरणोत्तर. शंभुनाथ दे यांच्याविषयी वर लिहिलेले वाक्य येथे आठवावे.

२९/ शेवटी एक निरीक्षण. आपल्याकडे आजही जुलाबाने अंगात त्राण उरले नाही की 'सलाईन लावा' असा आग्रह धरला जातो. सुई, बाटली, टांगलेली नळी यांत उपचाराची प्रतिष्ठा आहे. पेल्यात ती दिसत नाही. मूल पाणी पिऊ शकत असेल तर बहुतेक वेळा पेलाच पुरेसा आणि अधिक सुरक्षित असतो. मूल मलूल, बेशुद्ध झाले असेल किंवा काहीच पोटात टिकत नसेल, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे. बनगावातही अशांसाठीच बाटल्या राखून ठेवल्या होत्या.

३०/ १८१७ साली जेसोरहून निघालेल्या साथीपाशी उपाय नव्हता. १९७१ साली त्याच परिसरात उपाय होता, पण तो थोड्यांच्या हाती होता. या दोन तारखांच्या मधला इतिहास प्रयोगशाळांचा आहे. दुसऱ्या तारखेनंतरचा बराचसा इतिहास पेला हाती धरणाऱ्या आयांचा आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना पटकीच्या साथींविषयी, गावच्या मरीआईविषयी, साखर-मिठाचे पाणी घरात प्रथम कोणी आणि केव्हा शिकवले याविषयी जरूर विचारावे आणि उत्तरे लिहून ठेवावीत. या इतिहासाची ती साधने आहेत आणि ती अजून कोणी गोळा केलेली नाहीत. धागा येथे संपतो.